शिक्का मारण्याची घाई

माणूस किती पाण्यात आहे ते विसाव्या वर्षीच कळतं, असं ठामपणे मानणारी एक मोठी जमात आपल्या आजूबाजूला आहे. त्यात नातेवाईक आहेत, काही सर-मॅडम आहेत, कंपन्यांचे एचआरवाले आहेत आणि खरं सांगायचं तर आपण स्वतःही आहोत. थर्ड इयरच्या एखाद्या मुलाकडे बघून "हा टॉपचा माल" किंवा "याचं काही होणार नाही" असं आपण कँटीनमध्ये चहा संपायच्या आत ठरवून टाकतो. मला हे अजिबात पटत नाही. आणि का पटत नाही हे सांगायला मी उदाहरण घेणार आहे ते आपल्या कॉलेजात फार थोड्यांनी पाहिलेल्या एका खेळाचं, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचं. त्यातही एका कॉलेजकुमाराचं, जेलन हर्ट्सचं.

(माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. 'एकोणसत्तर' आणि 'एकोणऐंशी' यांतला फरक सांगायला मला अजूनही क्षणभर थांबावं लागतं. म्हणून या लेखातले आकडे आकड्यांतच लिहिलेत, समजून घ्या!)

आता 'फुटबॉल' म्हटल्यावर मेस्सी-रोनाल्डो डोळ्यांसमोर आणू नका. या खेळात लंबगोल चेंडू असतो आणि तो बहुतेक वेळा हातातच असतो. दोन्ही बाजूंना 11-11 खेळाडू. चेंडू ज्या संघाकडे आहे त्याला चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकला तर पुन्हा नवे चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्याकडे. या सगळ्याच्या मधोमध उभा असतो क्वार्टरबॅक. प्रत्येक प्रयत्नाच्या सुरुवातीला चेंडू त्याच्या हातात येतो. फेकायचा, दुसऱ्याच्या हातात द्यायचा की स्वतः घेऊन पळायचं, हे त्याने ठरवायचं. त्यासाठी वेळ किती? साधारण अडीच ते तीन सेकंद. तेवढ्यात सव्वाशे-दीडशे किलोचे चार-पाच धटिंगण त्याला आडवा करायला धावत येत असतात. आपल्याला व्हायवाला एक्स्टर्नल समोर बसला की स्वतःचं नाव आठवत नाही, हा माणूस त्या तीन सेकंदांत समोरच्या बचावाची रचना वाचतो, पहिला साथीदार मोकळा नसेल तर दुसऱ्याकडे बघतो, दुसरा नसेल तर तिसऱ्याकडे. माझा मामेभाऊ ह्यूस्टनला असतो, त्याने मला हे सगळं समजावलं. तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "अरे, ही तर रिअल-टाइम सिस्टिम झाली!" उत्तर बरोबर असून चालत नाही, ते डेडलाइनच्या आत यावं लागतं.

म्हणूनच या जागेसाठी माणूस निवडताना हातापायांपेक्षा डोक्याची चर्चा जास्त होते. आणि डोक्याची चर्चा सुरू झाली की परीक्षा आलीच. एनएफएल ही तिथली व्यावसायिक लीग. तिच्यात येऊ पाहणाऱ्या कॉलेजच्या खेळाडूंना कित्येक वर्षं 'वंडरलिक' नावाची चाचणी द्यावी लागायची. 12 मिनिटांत 50 प्रश्न. कुठे ऐकल्यासारखं वाटतंय ना? आपल्या प्लेसमेंटच्या अ‍ॅप्टिट्यूड टेस्टची ही अमेरिकन मावशीच. कोणाला किती मार्क पडले ते दरवर्षी बाहेर फुटायचं आणि पेपरवाले त्यावर चवीने लिहायचे. शेवटी 2022 पासून एनएफएलने आपल्या निवड शिबिरातून ती काढून टाकली. ते बरंच झालं. कारण क्वार्टरबॅकला लागणारं डोकं हे काही एका दुपारी मोजता येणारं प्रकरण नाही. चूक झाल्यावर पुढच्या 40 सेकंदांत ती मागे टाकता येते का? आपल्याला डावलून दुसऱ्याला घेतलं तर काय करतो? उरलेले दहा जण त्याच्यावर विश्वास ठेवतात का? या प्रश्नांना चार पर्याय नसतात. आणि मुख्य म्हणजे यांची उत्तरं 19 व्या वर्षी एक असतात आणि 24 व्या वर्षी दुसरीच असू शकतात.

आता हर्ट्सकडे वळू. जन्म 1998 चा, गाव ह्यूस्टनजवळचं चॅनलव्ह्यू. वडील तिथल्याच हायस्कूलच्या संघाचे प्रशिक्षक. 2016 मध्ये तो अलाबामा विद्यापीठात दाखल झाला. अलाबामा म्हणजे कॉलेज फुटबॉलमधली आयआयटीच म्हणा ना, आणि निक सेबन हे तिथले तेव्हाचे अत्यंत कडक प्रशिक्षक. अशा ठिकाणी पहिल्याच वर्षी हा पोरगा मुख्य क्वार्टरबॅक झाला. 2017 चा मोसम संपला तेव्हा त्याने सुरुवात केलेल्या 28 सामन्यांपैकी 26 सामने संघाने जिंकले होते. याहून चांगली मार्कशीट कुठली?

पण त्याच मोसमाचा शेवटचा सामना, म्हणजे 8 जानेवारी 2018 ची राष्ट्रीय अंतिम लढत, अटलांटामध्ये जॉर्जियाविरुद्ध होती. मध्यंतराला अलाबामा 0-13 ने मागे होतं. हर्ट्सने फेकलेल्या 8 चेंडूंपैकी फक्त 3 साथीदारांच्या हातात पडले होते. सेबननी त्याला बसवलं आणि टुआ टागोवायलोआ या पहिल्या वर्षाच्या मुलाला उतरवलं. टुआने सामना फिरवला. जादा वेळेत डेव्हाँटा स्मिथला 41 यार्डांचा पास टाकून त्याने 26-23 असं विजेतेपद खेचून आणलं. सगळा देश टीव्हीवर बघत असताना 19 वर्षांचा हर्ट्स मैदानाच्या कडेला उभा होता, आणि टुआसाठी टाळ्या वाजवत होता.

इथपर्यंतची गोष्ट मोटिव्हेशनल भाषणांत फार वापरली जाते. "बघा, कसा गप्प राहिला, कसा संयम ठेवला!" इत्यादी इत्यादी. माझा मतभेद इथेच सुरू होतो. एक तर तो गप्प राहिला नाही. ऑगस्ट 2018 मध्ये पत्रकारांसमोर त्याने स्पष्ट सांगितलं की त्या जानेवारीनंतर, वसंतातल्या सरावाच्या सगळ्या काळात, प्रशिक्षकांसकट कोणीही जवळ येऊन "तुला कसं वाटतंय?" एवढंही विचारलं नव्हतं. 19 वर्षांच्या मुलाने एवढ्या बलाढ्य संस्थेत राहून, आदळआपट न करता, कोणाला शिव्या न देता हे जाहीरपणे म्हणणं मला त्या टाळ्यांपेक्षा मोठं वाटतं. आपल्याकडे मनाची वाढ झाली म्हणजे तोंड बंद ठेवता यायला लागलं, अशी काहीतरी समजूत आहे. मला वाटतं, जे दुखतंय ते नीट शब्दांत सांगता येणं ही खरी वाढ आहे.

दुसरं म्हणजे तो तिथेच कायमचा चिकटून बसला नाही. 2018 च्या मोसमात टुआ मुख्य आणि हर्ट्स राखीव अशी व्यवस्था झाली. त्याच वर्षी एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेने नियम बदलला होता. चारपेक्षा जास्त सामने खेळला नाहीस तर पात्रतेचं एक वर्ष शिल्लक राहील. क्लेमसनचा क्वार्टरबॅक केली ब्रायंट याची जागा ट्रेव्हर लॉरेन्सला मिळाल्यावर तो चार सामन्यांनंतर संघ सोडून गेला. त्याचंही चुकलं असं मी म्हणणार नाही, आयुष्य त्याचं होतं. हर्ट्सने मात्र चारचा हिशेब ठेवला नाही. तो राखीव म्हणून खेळत राहिला. आणि 1 डिसेंबर 2018 ला त्याच अटलांटात, त्याच जॉर्जियाविरुद्ध, साउथईस्टर्न कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात टुआ जखमी झाला. अलाबामा 21-28 ने मागे. हर्ट्स शेवटच्या सत्रात उतरला, एक टचडाउन पास टाकला, एक टचडाउन स्वतः 15 यार्ड पळत जाऊन केलं, आणि सामना 35-28 ने जिंकून दिला. हिंदी सिनेमात दाखवलं असतं तर आपण "काहीही हं!" म्हणालो असतो.

पण मला त्यानंतरची गोष्ट जास्त आवडते. त्याच महिन्यात त्याने पदवी पूर्ण केली. तीन वर्षांत! त्या काळी कॉलेज बदललं की खेळाडूला सहसा एक वर्ष बसून काढावं लागायचं, पण पदवी हातात असेल तर लगेच खेळता यायचं. म्हणजे डिग्री हेच त्याचं बाहेर पडायचं तिकीट होतं. जानेवारी 2019 मध्ये तो ओक्लाहोमा विद्यापीठात गेला. थोडक्यात काय, कधी थांबायचं हे त्याला कळलं आणि कधी निघायचं हेही कळलं. नुसतं थांबणं म्हणजे सहनशीलता, नुसतं निघणं म्हणजे पळ. दोन्हींची वेळ ओळखण्याला मी मॅच्युरिटी म्हणते.

ओक्लाहोमाचे प्रशिक्षक होते लिंकन रायली. त्यांच्या आधीच्या दोन क्वार्टरबॅकनी, बेकर मेफील्ड आणि कायलर मरे यांनी, 2017 आणि 2018 मध्ये हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब जिंकला होता आणि दोघेही एनएफएलच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर गेले होते. अशा वर्गात आपला रोल नंबर तिसरा! त्यात अलाबामाला हर्ट्सला दरवर्षी आक्रमणाचा नवा प्रशिक्षक मिळाला होता: 2016 ला लेन किफिन, 2017 ला ब्रायन डेबॉल, 2018 ला माइक लॉक्सली. रायली हे चौथ्या वर्षातले चौथे. दरवर्षी सिलॅबस बदलला तर आपण युनिव्हर्सिटीवर मोर्चा काढतो. याने तो प्रत्येक वेळी नव्याने पाठ केला. 2017 मध्ये त्याने पासिंगमधून 2,081 यार्ड मिळवले होते. 2019 मध्ये 3,851. पायांवर जगणारा मुलगा डोळ्यांनी खेळायला शिकत होता. हाइझमनच्या मतदानात तो दुसरा आला. पहिला आला जो बरो, जो स्वतः ओहायो स्टेटच्या बाकावरून उठून एलएसयूला गेलेला.

तरीही शिक्का मारणारे थांबले का? छे! एप्रिल 2020 च्या निवडीत हर्ट्सच्या आधी चार क्वार्टरबॅक गेले. टुआ पाचव्या क्रमांकावर गेला, हर्ट्सचं नाव 53 व्या क्रमांकावर पुकारलं गेलं. घेणारा संघ फिलाडेल्फिया ईगल्स, ज्यांच्याकडे कार्सन वेंट्झ हा मोठ्या कराराचा क्वार्टरबॅक आधीच होता. म्हणजे पुन्हा बाक! फिलाडेल्फियातले प्रेक्षक त्या निवडीवर वैतागले होते. डिसेंबर 2020 मध्ये त्याला मुख्य जागा मिळाली. फेब्रुवारी 2023 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, त्याने 304 यार्डांचं पासिंग केलं आणि पळत तीन टचडाउन केले. पण त्याच सामन्यात त्याच्या हातून चेंडू निसटला, तो कॅन्सस सिटीच्या निक बोल्टनने उचलून थेट टचडाउन केला, आणि ईगल्स 35-38 ने हरले. फरक तीन गुणांचा! त्यानंतर हर्ट्स जे म्हणाला त्याचा अर्थ असा होता की माणूस एकतर जिंकतो, नाहीतर शिकतो. हे वाक्य हॉस्टेलच्या भिंतीवर चिकटवायला ठीक आहे, पण जगायला अवघड. कारण पुढच्याच मोसमात 11 पैकी 10 सामने जिंकल्यावर ईगल्स साफ कोसळले आणि प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत बाहेर पडले. वाढीचा ग्राफ सरळ रेषेत जात नाही, हे आपल्यालाही माहीत आहे. आपल्या सेमिस्टरवार पर्सेंटेजचा काढून बघा! शेवटी 9 फेब्रुवारी 2025 ला न्यू ऑर्लिन्समध्ये त्याच कॅन्सस सिटीला ईगल्सनी 40-22 ने हरवलं. हर्ट्स सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आणि त्या दिवशी त्याच्या 46 यार्डांच्या पासवर टचडाउन कोणी केलं? डेव्हाँटा स्मिथने. सात वर्षांपूर्वी टुआचा तो 41 यार्डांचा पास झेलणारा हाच स्मिथ.

आता इंजिनिअरिंगचे विद्यार्थी असल्यामुळे तुमच्यातला एखादा लगेच म्हणेल, "एका सॅम्पलवरून ग्राफ काढतेस का?" प्रश्न रास्त आहे. जे यशस्वी झाले त्यांच्याच गोष्टी आपल्यापर्यंत येतात. एनसीएएच्याच अंदाजाप्रमाणे कॉलेज फुटबॉल खेळणाऱ्या शंभरातले दोनही व्यावसायिक होत नाहीत. शिवाय हर्ट्सच्या पुढे उत्तम लाइन होती, बाजूला साक्वॉन बार्कलीसारखा धावपटू होता ज्याने 2024 च्या मोसमात 2,005 यार्ड पळून काढले. त्यामुळे "मन घट्ट केलं की सुपर बोल मिळतो" असं मी मुळीच म्हणत नाहीये. माझा मुद्दा उलट बाजूने आहे. शिक्का मारणाऱ्यांचा हिशेब तरी कुठे बरोबर येतो? 1998 मध्ये पेटन मॅनिंग पहिला आणि रायन लीफ दुसरा निवडला गेला. दोघांत सरस कोण यावर तेव्हा जाणकारांत मोठा वाद होता. मॅनिंग या खेळातल्या थोरांपैकी एक ठरला. लीफची एनएफएलमधली कारकीर्द चार मोसमांत आटोपली. हात दोघांचेही जबरदस्त होते. 2000 मध्ये टॉम ब्रेडी तर 199 व्या क्रमांकावर निवडला गेला, आणि त्याने पुढे 7 सुपर बोल जिंकले. म्हणजे ज्यांचा धंदाच माणसं पारखायचा, ज्यांच्याकडे तासन्‌तास व्हिडिओ आणि ढीगभर आकडे असतात, त्यांनाही विशी-बाविशीतल्या पोराचं पुढे काय होणार ते नक्की सांगता येत नाही. मग आपल्या कँटीनमधल्या परीक्षकांची काय कथा!

ब्रेडीचं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट सांगायलाच हवी. मिशिगन विद्यापीठात तो आला तेव्हा क्वार्टरबॅकच्या रांगेत सातवा होता. खेळायला मिळेना म्हणून कॉलेज सोडायच्या विचारात होता. तिथे ग्रेग हार्डन नावाचे समुपदेशक होते, 2024 मध्ये ते वारले. ब्रेडी त्यांच्याकडे जाऊन बसू लागला. सरावात जे थोडके चेंडू वाट्याला येतात तेवढे तर जीव ओतून खेळ, असा त्यांचा सल्ला होता. त्या माणसाचे उपकार ब्रेडीने पुढे अनेकदा जाहीरपणे मानले. मला यातून एवढंच कळतं की ज्याला आपण 'पोलादी मन' म्हणतो ते पोलादासारखंच असतं: खाणीतून तयार निघत नाही, करावं लागतं, आणि भट्टीपाशी कोणीतरी उभं असावं लागतं. हर्ट्सच्या घरात वडीलच प्रशिक्षक होते. ज्याच्याकडे असं कोणीच नाही त्याचं काय?

आज तिथले नियम बरेच बदललेत. 2021 पासून कॉलेजचे खेळाडू स्वतःच्या नावावर पैसे कमवू शकतात, आणि कॉलेज बदलल्यावर बसून राहायची सक्तीही हळूहळू गेली. आजचा हर्ट्स 2018 च्या जानेवारीतच निघून गेला असता, असं म्हणणारे बरेच आहेत. जुन्या मंडळींना वाटतं, यामुळे मुलं चिवट होणार नाहीत. मला ते पटत नाही. निघायचा रस्ता बंद करून कोणी चिवट होत नाही, फक्त अडकून पडतं. रस्ता उघडा असूनही हर्ट्स एक वर्ष राहिला, म्हणून तर त्या राहण्याला किंमत आहे. पण कॉलेज बदलून जी गोष्ट मिळत नाही ती म्हणजे "तुला कसं वाटतंय?" हा प्रश्न. तो प्रत्येक ठिकाणी कोणीतरी विचारावाच लागतो.

आता आपल्याकडे बघा. ऑगस्टमध्ये प्लेसमेंट सीझन सुरू होतो. बोर्डावर याद्या लागतात. ज्यांची नावं असतात त्यांच्याभोवती गर्दी, पार्टी, पेढे. ज्यांची नसतात ते बोर्डापासून हळूच मागे सरकतात आणि रूमवर जाऊन दार लावून घेतात. एका कंपनीची एक तासाची टेस्ट गेली की मुलगा वर्षभर "माझं लॉजिकच वीक आहे" म्हणत फिरतो. वायडी लागलेल्याला तर आपण जवळजवळ वेगळ्या प्रजातीचा समजतो. आणि मुलींच्या बाबतीत घरून लगेच दुसरी यादी निघते, ती वेगळ्या लेखाचा विषय! 28 पैकी 26 सामने जिंकणाऱ्याला एका मध्यंतरात बाकावर बसावं लागतं, तर आपली एखादी टेस्ट जाणारच. ती गेल्यावर पुढच्या सहा महिन्यांत काय केलं, कोणती नवी गोष्ट शिकली, कोणाशी बोललो, यावर आपलं मूल्यमापन व्हावं असं मला मनापासून वाटतं.

कॉलेजकडे माझी मागणी साधी आहे. जिमखान्याला कोच असतो, वर्कशॉपला इन्स्ट्रक्टर असतो, तसा एक पूर्णवेळ समुपदेशक कॉलेजात असावा. आठवड्यातून एकदा येऊन सही करून जाणारा नको. आणि ज्यांची निवड झाली नाही त्यांच्याबरोबर प्लेसमेंट सेलने दोन दिवसांच्या आत एकदा बसावं. कुठे कमी पडलो ते सांगितलं तर सुधारता तरी येईल. नुसतं "बेटर लक नेक्स्ट टाइम" ऐकून कोणाचं काही सुधारल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

आणि मित्रांनो, आपण काय करू शकतो? पुढच्या वेळी यादी लागेल तेव्हा पेढे जरूर खा. पण नंतर कॉरिडॉरमधलं ते बंद दार वाजवा, आत जा, आणि रिझल्टबद्दल एक शब्द न काढता आधी विचारा, "काय रे, बरा आहेस ना?"